गुरुत्वाचे पर्याय सूर्यमालेतच तपासा

१९७६ साली मंगळावर उतरलेली दोन व्हायकिंग याने तिथे जीवसृष्टीचा माग काढायला गेली होती. माती तपासणे, हवामान नोंदवणे, छायाचित्रे पाठवणे ही त्यांची ठरलेली कामे. पण पृथ्वीवरून सोडलेला रेडिओ संदेश लँडरकडून परत यायला किती वेळ लागतो हे मोजले की पृथ्वी आणि मंगळ यांच्यातले अंतर काही मीटरच्या अचूकतेने कळते, आणि व्हायकिंग १ तर नोव्हेंबर १९८२ पर्यंत संपर्कात होते. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींना जीवसृष्टीशी संबंध नसलेला एक प्रश्न विचारता आला: गुरुत्वाची ताकद ठरवणारा आकडा, म्हणजे गुरुत्वस्थिरांक, खरोखरच स्थिर आहे का?

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६४ साली फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाचा एक वेगळा सिद्धांत मांडला. एखाद्या कणाचे जडत्व हा त्याचा खाजगी गुण नाही, विश्वातल्या बाकी सगळ्या द्रव्याशी असलेल्या नात्यातून ते येते, ही त्यामागची भूमिका. पुढे १९७०च्या दशकात या सिद्धांताचे असे रूप पुढे आले की ज्यात विश्वाचे वय वाढेल तसा गुरुत्वस्थिरांक हळूहळू घटत जातो. अपेक्षित घट वर्षाला दहा हजार कोटींत काही भाग इतकी. सूर्याची ओढ अशी सैल होत गेली तर ग्रह किंचित बाहेर सरकत राहतील आणि मंगळाचे अंतर अपेक्षेपेक्षा वाढत जाईल. व्हायकिंगच्या नोंदींत तशी वाढ दिसली नाही. तो बदल असलाच तर वर्षाला दहा हजार कोटींत एखाद्या भागापेक्षा मोठा नाही, असे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला निघाले. आज चंद्रावरच्या परावर्तकांवर लेझर मारून मिळालेली मर्यादा त्याहूनही सुमारे शंभरपट कडक आहे.

एका मराठी शास्त्रज्ञाच्या कल्पनेला निसर्गाने दिलेले हे उत्तर मला पराभवाची गोष्ट वाटत नाही. सिद्धांत गंभीरपणे घेतला गेला, त्यातून आकडा निघाला, आणि दुसऱ्याच कामासाठी पाठवलेल्या यानाने तो आकडा तपासला. गुरुत्वाच्या पर्यायी सिद्धांतांना याहून मोठा मान देता येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की असा मान योगायोगावर सोडू नये. सूर्यमालेत दूर जाणारे प्रत्येक यान हा गुरुत्वाचा प्रयोग असतो, आणि ते बांधतानाच तसा विचार करणे, त्याच्या मागोव्याच्या नोंदी पूर्ण जपणे आणि त्या सर्वांना खुल्या करणे हे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या अवकाशसंस्थांचे काम आहे. इस्रोचेही.

पर्यायांची गरजच काय, असे विचारणारे पुष्कळ आहेत. आइनस्टाइनचा व्यापक सापेक्षतावाद शंभर वर्षांत एकदाही नापास झालेला नाही, हे खरे. पण दीर्घिकांच्या पातळीवर हिशेब जुळत नाही हेही तितकेच खरे. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा दीर्घिकासमूहात आणि पुढे १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी सर्पिल दीर्घिकांत जे पाहिले त्याचा अर्थ एकच होता: दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने इतक्या वेगाने फिरणारे तारे आणि दीर्घिका धरून ठेवता येत नाहीत. मग एक तर न दिसणारे कृष्णद्रव्य मोठ्या प्रमाणात आहे, किंवा गुरुत्वाचा नियम तिथे वेगळा आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञ पहिल्या बाजूला आहेत आणि त्यांच्याकडे भक्कम कारणे आहेत. तरी अमेरिकेतल्या साउथ डकोटात आणि इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली टनावारी द्रवरूप झेनॉन ठेवून बसलेल्या उपकरणांना कृष्णद्रव्याचा कण अजून सापडलेला नाही. दुसऱ्या बाजूला मोर्देहाय मिलग्रॉम यांनी १९८३ मध्ये मांडलेला मॉन्ड हा प्रस्ताव आहे. त्वरण सेकंद-वर्गाला ०.१२ नॅनोमीटरच्या खाली गेले की गुरुत्व न्यूटनच्या नियमापेक्षा सावकाश घटते, असे तो म्हणतो, आणि दीर्घिकांच्या परिभ्रमणाचे बरेच आलेख या एका आकड्यावर आश्चर्यकारकपणे बसतात. दोन्ही बाजूंना अजून रिकामी जागा आहे. म्हणूनच चाचणी हवी.

इथे लगेच येणारा आक्षेप रास्त आहे. मिलग्रॉम यांचे त्वरण इतके क्षीण आहे की सूर्याची ओढ तेवढी कमी व्हायला पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे सात हजारपट दूर जावे लागेल. माणसाने पाठवलेले सर्वांत दूरचे यान, व्हॉयेजर १, अजून दोनशेपटही गेलेले नाही. शनीपाशीसुद्धा सूर्याची ओढ त्या सीमेच्या सुमारे पाच लाखपट आहे. मग सूर्यमालेत हे तपासणार कसे?

अशा सिद्धांताचा परिणाम सीमेपलीकडेच थांबत नाही, म्हणून तपासता येते. मॉन्डमध्ये बाहेरच्या, म्हणजे आपल्या दीर्घिकेच्या, ओढीचा सूर्यमालेच्या आतल्या गतीवर एक बारीक पण ठराविक दिशेचा परिणाम उरतो. न्यूटनच्या आणि आइनस्टाइनच्या नियमांत तो नसतो. कॅसिनी यान २००४ पासून २०१७ पर्यंत शनीभोवती फिरले आणि त्याच्या रेडिओ मागोव्यामुळे शनीचे स्थान शंभर मीटरपेक्षाही बारीक चुकीने कळले. २०१४ साली या नोंदींत तो परिणाम शोधण्यात आला. सापडला नाही. मॉन्डची जी रूपे दीर्घिकांशी सर्वांत छान जुळतात त्यांतली बरीच शनीपाशी अडतात, हे त्यानंतर अधिकच स्पष्ट होत गेले आहे. दीर्घिकांवरचा वाद एका ग्रहाच्या कक्षेत येऊन अडला, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. मिलग्रॉम यांचे समर्थक अजून वाटा शोधत आहेत, त्यांनी त्या शोधाव्यात. पण आता प्रत्येक नव्या वाटेला शनीचा टोल भरावा लागतो.

कॅसिनीनेच त्याआधी, शनीकडे जाताना, आणखी मोठे काम केले होते. जून २००२ मध्ये पृथ्वी आणि यान यांच्या मध्ये सूर्य आला. सूर्याजवळून जाणाऱ्या रेडिओ लहरीला वाकलेल्या अवकाशातून जाताना थोडा उशीर होतो, हे अर्विन शपिरो यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले होते. अडचण अशी की सूर्याभोवतीच्या कोरोना या वातावरणातला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, हाही लहरीला उशीर करतो, आणि गुरुत्वाचा परिणाम त्यात बुडून जातो. कॅसिनीवर ‘एक्स’ आणि ‘का’ (Ka) अशा वेगवेगळ्या वारंवारतेच्या दोन रेडिओ पट्ट्यांची, म्हणजे बँडांची, सोय होती. प्लाझ्मामुळे होणारा उशीर वारंवारतेनुसार बदलतो, गुरुत्वामुळे होणारा बदलत नाही. दोन बँडांच्या नोंदी एकमेकींशी ताडल्या की प्लाझ्मा वजा करता येतो. ब्रुनो बेर्तोत्ती, लुचियानो इएस आणि पाओलो तोर्तोरा यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: वस्तुमानामुळे अवकाश किती वाकते हे सांगणारा गॅमा हा आकडा, जो आइनस्टाइनच्या मते नेमका १ असायला हवा, एका लाखात सुमारे दोन भागांच्या अचूकतेने १ आहे.

या एका मोजमापाने काय झाले ते पाहा. कार्ल ब्रान्स आणि रॉबर्ट डिक यांनी १९६१ मध्ये मांडलेला सिद्धांत आइनस्टाइनचा सर्वांत सन्मान्य प्रतिस्पर्धी होता. त्यात एक मुक्त आकडा आहे. तो जितका मोठा तितका हा सिद्धांत आइनस्टाइनच्या जवळ. डिक यांच्या काळात तो एकअंकी असेल असे मानायला जागा होती. कॅसिनीनंतर तो चाळीस हजारांच्या पुढे न्यावा लागतो. सिद्धांत मेला नाही, पण त्याच्याकडे आपले वेगळे सांगण्यासारखे जवळजवळ काही उरले नाही.

गुरुत्वासाठीच खास उपग्रह पाठवू नयेत असे मी म्हणत नाही. फ्रान्सच्या अवकाशसंस्थेचा मायक्रोस्कोप हा छोटा उपग्रह एप्रिल २०१६ मध्ये गेला, आणि टायटॅनियम व प्लॅटिनम सारख्याच त्वरणाने पडतात हे त्याने दहा कोटी कोटींत काही भागांच्या आत दाखवले. अशा मोजमापाला दुसरा मार्ग नव्हता. याउलट ग्रॅव्हिटी प्रोब बी. नासाने त्याला १९६०च्या दशकापासून पैसे दिले, खर्च सुमारे पंचाहत्तर कोटी डॉलरवर गेला, उड्डाण २००४ मध्ये झाले आणि निष्कर्ष २०११ मध्ये आला. फिरणारी पृथ्वी आपल्याबरोबर अवकाशाला ओढते हा परिणाम त्यातून १९ टक्क्यांच्या अचूकतेने मोजता आला. उद्दिष्ट याहून कितीतरी बारीक होते. त्यातल्या माणसांची चिकाटी थक्क करणारी आहे, पण सार्वजनिक पैशाचा विचार करताना मला दिसते ते असे की शनीकडे तसेही निघालेल्या यानावरच्या एका जादा बँडाने गुरुत्वाबद्दल जितके सांगितले तितके या स्वतंत्र मोहिमेने सांगितले नाही.

आता पायोनियर. ही गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण या विषयातले जवळपास सगळे धडे तिच्यात आहेत.

पायोनियर १० मार्च १९७२ मध्ये आणि पायोनियर ११ एप्रिल १९७३ मध्ये निघाले. दोन्ही याने स्वतःभोवती फिरत स्थिर राहत, त्यामुळे व्हॉयेजरसारखे वारंवार थ्रस्टर पेटवून दिशा सावरण्याची त्यांना गरज नव्हती. म्हणूनच त्यांची गती अतिशय निर्मळ होती, आणि म्हणूनच तिच्यातली खोट दिसली. यान अपेक्षेपेक्षा सूर्याच्या बाजूला किंचित जास्त ओढले जात होते: सेकंद-वर्गाला ०.८७ नॅनोमीटर. वर्षभरात यान अपेक्षित जागेपासून सुमारे चारशे किलोमीटर मागे पडावे एवढेच. जॉन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये प्रसिद्ध केले. नासाच्याच प्रयोगशाळेतल्या लोकांनी ज्ञात नियमांशी न जुळणारा आकडा आघाडीच्या नियतकालिकात मांडला, हे मुद्दाम सांगतो. ‘आइनस्टाइनविरुद्ध बोलू देत नाहीत’ अशी तक्रार आपल्याकडे आणि बाहेरही सतत ऐकू येते. इथे तरी उलटच घडले. तो आकडा प्रकाशाचा वेग गुणिले हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर) या गुणाकाराच्या अगदी जवळ होता. विश्वाचे प्रसरण आणि यानाची गती यांत काही धागा असेल का, या आशेने सिद्धांतांचा पूर आला.

उत्तर यानातच होते. पायोनियरवर प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारे वीजजनित्र होते आणि त्याची दोन हजार वॅटहून जास्त उष्णता अवकाशात जात होती. उष्णतेचे प्रारण जिकडे जास्त जाते त्याच्या उलट बाजूला यानाला धक्का बसतो. पृथ्वीकडे तोंड केलेल्या २.७४ मीटर व्यासाच्या अँटेनाच्या पाठीवर आपटून परतणारी आणि यानाच्या मागच्या बाजूने सुटणारी उष्णता मिळून फक्त साठ-पासष्ट वॅटचा असमतोल झाला, तरी एवढी ओढ निर्माण होते. हे सांगायला सोपे, सिद्ध करायला महाकठीण. धक्का उष्णतेचा असेल तर प्लुटोनियमबरोबर तोही वर्षांनुसार घटायला हवा, आणि ते पाहायला सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी हव्यात. पहिल्या विश्लेषणात वापरलेल्या नोंदी १९८७ पासूनच्याच होत्या. आधीच्या जुन्या चुंबकीय टेपांवर विखुरलेल्या होत्या, आणि त्या टेप वाचणारी यंत्रेही दुर्मीळ झाली होती. प्लॅनेटरी सोसायटी या लोकवर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने पैसे दिले. ओटावाच्या व्हिक्टर टोथ यांनी जुन्या टेलिमेट्रीचा, म्हणजे यानाने स्वतःच्या स्थितीबद्दल पाठवलेल्या नोंदींचा, उलगडा करणारे प्रोग्रॅम लिहिले. स्लावा तुरिशेव यांच्या गटाने जुने आराखडे मिळवून यानाचे उष्णतेचे प्रारूप नव्याने उभे केले. ओढ काळाबरोबर घटते हे २०११ मध्ये दिसले. २०१२ मध्ये तिचे सगळे मोजमाप उष्णतेत बसले.

पंधरा वर्षांच्या या कामाला काही जण वाया गेलेला वेळ म्हणतात. मला ते पटत नाही. उलट यातून कळले की आपण गुरुत्व मोजतो असे समजत होतो तेव्हा यानाचा तापमानाचा तक्ता, त्याच्या रंगाचा थर आणि उष्णता सोडणाऱ्या झडपांचा कोन हेही मोजत होतो. बाकी बलांचा हिशेब पैशापैशाने लिहिलेला नसेल तर गुरुत्वाबद्दल बोलण्याचा अधिकार कोणालाच राहत नाही, आइनस्टाइनच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. ज्या नोंदींनी उत्तर दिले त्या केवळ काही माणसांच्या हट्टामुळे वाचल्या, ही गोष्ट मात्र कोणत्याही अवकाशसंस्थेला भूषणावह नाही.

दुसरे कोडे अजून सुटलेले नाही. पृथ्वीजवळून वळसा घेऊन जाणाऱ्या यानांचा वेग कधीकधी अपेक्षेपेक्षा किंचित बदललेला दिसला: १९९० मध्ये गॅलिलिओचा सेकंदाला सुमारे ४ मिलिमीटर, १९९८ मध्ये निअरचा १३ मिलिमीटरहून जास्त. पण २००७ आणि २००९ मध्ये रोसेटाला आणि २०१३ मध्ये जुनोला काहीच जाणवले नाही. बहुधा हीही एखाद्या दुर्लक्षित बलाची किंवा गणिती प्रारूपातल्या चुकीची बाब निघेल. तरी ‘बहुधा’वर समाधान मानण्यापेक्षा पृथ्वीला वळसा घालणाऱ्या प्रत्येक यानाचा सलग मागोवा ठेवणे स्वस्त आहे.

हातची गेलेली एक संधी मला सलते. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे २ लाख ६० हजार किलोमीटरवर एक जागा अशी आहे जिथे दोघांची ओढ एकमेकींना रद्द करते. त्या बिंदूपाशी त्वरण मिलग्रॉमच्या सीमेखाली जाते, आणि मॉन्डच्या काही रूपांनुसार त्याचा परिणाम भोवतीच्या काही शे किलोमीटरच्या पट्ट्यात दिसायला हवा. सात हजारपट दूर जायची गरजच नाही. जेकब बेकेनस्टाइन आणि जुआंव मागेइजू यांनी २००६ मध्ये हे दाखवले. डिसेंबर २०१५ मध्ये उडालेल्या लिसा पाथफाइंडर यानावर त्या काळची सर्वांत शांत त्वरणमापके होती, आणि मुख्य काम संपल्यावर त्याला तिथून न्यावे असा प्रस्ताव इंग्लंडमधल्या गटांनी मांडला. मोहिमेचा वाढीव काळ गुरुत्वलहरी टिपणाऱ्या भविष्यातल्या लिसा या अवकाश वेधशाळेच्या तयारीला दिला गेला आणि २०१७ च्या मध्यात यान बंद झाले. लिसाची तयारी महत्त्वाची होती यात शंका नाही. पण दीर्घिकांच्या वादात थेट हस्तक्षेप करू शकणारा प्रयोग अशा उपकरणांसह दारापर्यंत आला होता, आणि तो पुन्हा कधी येईल याचे चिन्ह नाही.

संधी वेळीच पकडल्याचेही उदाहरण युरोपातच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यातल्या दोषामुळे गॅलिलिओ दिशादर्शन मालिकेतले दोन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत अडकले. दिशादर्शनासाठी गैरसोयीची हीच कक्षा गुरुत्वासाठी वरदान ठरली. पृथ्वीपासूनची उंची दिवसातून दोनदा हजारो किलोमीटरने बदलते, तसा त्यांच्यावरच्या हायड्रोजन मेझर या अतिअचूक घड्याळांचा वेगही बदलतो. १९७६ च्या ग्रॅव्हिटी प्रोब ए रॉकेटनंतर पहिल्यांदाच ही चाचणी सुमारे पाचपट सुधारली, आणि निष्कर्ष २०१८ मध्ये आले. नोंदी नीट होत्या आणि त्या मागायला शास्त्रज्ञ होते, म्हणून हे जमले.

पुढचे मोठे पाऊल बेपीकोलंबोचे. बुधाकडे निघालेल्या या युरोपीय-जपानी मोहिमेवर का-बँडचा रेडिओ प्रयोग तर आहेच, शिवाय इटलीत बनवलेले एक त्वरणमापक आहे. सूर्यप्रकाशाचा आणि उष्णतेचा धक्का ते यानावरच मोजेल. पायोनियरच्या वेळी जे चाळीस वर्षांनी आराखड्यांतून काढावे लागले, ते इथे चालू मोहिमेतच नोंदले जाणार. नोव्हेंबर २०२६ मध्ये ते बुधाभोवती शिरण्याचे नियोजन आहे, आणि बुधाची कक्षा ही तर आइनस्टाइनची पहिली कसोटी.

मग भारताने काय करावे? औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा तीव्र गुरुत्वाच्या बाजूने मोठे काम करील. २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटींची मंजुरी मिळाली. मंद गुरुत्वाच्या बाजूसाठी वेगळे हजारो कोटी लागत नाहीत. बेंगळुरूजवळ ब्यालालूला ३२ मीटरची अँटेना आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मंगळयान सूर्यामागून जाताना आपल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या एस-बँड लहरींतून सौर कोरोनाचा अभ्यासही केला. त्यांच्यासाठी कोरोना हाच विषय होता, गुरुत्वाच्या चाचणीत तोच अडथळा असतो. पण भूमिती, अँटेना आणि माणसे तीच. शुक्राच्या मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये १२३६ कोटींची मंजुरी मिळाली आणि उड्डाण मार्च २०२८ मध्ये ठरले आहे. शुक्र दर ५८४ दिवसांनी सूर्याच्या पलीकडे जातो, म्हणजे यान तिथे टिकले तर चाचणीची वेळ आपोआप येत राहील.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. प्लाझ्मा वजा करता येईल असा दोन बँडांचा सुसंगत मागोवा सूर्यामागच्या त्या दिवसांत चालू ठेवावा. डॉप्लरच्या (यानाच्या वेगामुळे रेडिओ लहरीची वारंवारता किती बदलली याच्या) कच्च्या नोंदी, थ्रस्टर केव्हा किती पेटले याची यादी आणि तापमानांचा इतिहास हे सगळे वैज्ञानिक उपकरणांच्या माहितीशेजारी, ठराविक मुदतीत, विद्यापीठातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला उतरवून घेता येईल असे ठेवावे. तिसरी गोष्ट जमिनीवरची आहे. यानाच्या प्रत्येक पृष्ठभागाची उष्णता सोडण्याची आणि प्रकाश शोषण्याची क्षमता, पॅनेलांचे कोन, वजनाची वाटणी यांची मोजमापे जुळणीच्या वेळी होतातच. ती उड्डाणाच्या आधी एकत्र करून मोहिमेच्या दप्तरात घालावी लागतील, कारण शुक्राजवळ पोहोचलेल्या यानाच्या रंगाचा थर पुन्हा मोजता येत नाही.